वसुधाताईंचा बर्फ

टोकियोजवळच्या ग्योतोकुतल्या आमच्या फ्लॅटचं दार उघडलं की चपला काढायला जेमतेम दोन फरश्यांची जागा आहे. तिथे छत्र्यांच्या शेजारी दोन पट्ट्या उभ्या आहेत. हातभर लांबीच्या, ॲल्युमिनियमच्या, पुढे एक चाक, मागे एक चाक. येणारा प्रत्येक पाहुणा चपला काढताना विचारतो, "हे काय?" मी "रोलर स्की" असं सांगितलं की तो आधी स्कीकडे बघतो, मग माझ्या पोटाकडे, आणि मग सभ्यपणे हवापाण्याकडे वळतो. माझी बायको मंजिरी आतून ओरडते, "त्याच्या नाहीत हो त्या! वसुधाताई जाताना ठेवून गेल्यात!" पाहुण्याचा जीव भांड्यात पडतो. बायकोचाही पडत असावा.

वसुधाताई म्हणजे वसुधा कर्णिक. मूळ गाव डोंबिवली, मुक्काम परवापरवापर्यंत आमच्या डोक्यावरचा फ्लॅट, वय पंचावन्नच्या आसपास, एकट्या. ऑफिसात त्या माझ्या टीम लीड. म्हणजे घरी मी छताकडे बघितलं तरी वर त्याच, आणि ऑफिसात मान वर केली तरी समोर त्याच. आमचं काम एका जपानी बँकेची जुनी सिस्टीम बंद करून नवी चालू करण्याचं. ते टप्प्याटप्प्याने करतात, आणि प्रत्येक टप्पा बँक बंद असतानाच करावा लागतो. जपानमध्ये बँका सलग बंद असतात त्या नववर्षाला आणि जोडून सुट्ट्या आल्या की. त्यामुळे सगळा देश जेव्हा घरी बसून मोची नावाचे तांदळाचे गोळे खात असतो, तेव्हा आम्ही टोकियोतल्या एका बिनखिडक्यांच्या खोलीत कन्व्हिनियन्स स्टोअरमधली ओनिगिरी, म्हणजे गार भाताचे त्रिकोण, खात असतो. हे मला नोकरी घेताना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर जपानीत सांगितलं असेल.

त्यांची आणि माझी खरी ओळख ऑफिसात झाली नाही. ती नदीच्या बांधावर झाली. जपानला आल्यावर पहिल्या महिन्यात मी पहाटे चालायला जायचा संकल्प केला होता (तो पुढे आपोआप मागे पडला), तेव्हा मागून आवाज आला. टक्, टक्, टक्, टक्. काठी टेकत कोणी म्हातारं माणूस येत असेल म्हणून मी बाजूला झालो, तर शेजारून एक बाई सरकत गेल्या. पायांखाली चाकं, दोन्ही हातांत लांब काठ्या, अंगावर रस्त्याच्या कामावरच्या लोकांसारखं चमकतं जाकीट, आणि डोक्यावर भलंमोठं हेल्मेट. मोठं अशासाठी की आत अंबाडा होता. "अंबाडा सोडायचा की हेल्मेट मोठं घ्यायचं, असा प्रश्न होता," असं त्यांनी मला नंतर सांगितलं. प्रश्न कसा सुटला ते दिसतच होतं.

दहा पावलं पुढे जाऊन त्या मागे न बघताच मराठीत म्हणाल्या, "देशपांडे ना तू? ते टेस्ट रिझल्ट आज दुपारपर्यंत हवेत."

थांबल्या मात्र नाहीत. याचं कारण शिष्टपणा नव्हे, हे मला पुढे कळलं. रोलर स्कीला ब्रेक नसतो.

बर्फावर सपाटीची, लांब पल्ल्याची स्कीइंग करणारे लोक उन्हाळ्यात बर्फ नसताना सराव व्हावा म्हणून या चाकांवर चालतात. ताई बांधावर वर्षभर चालायच्या. उन्हाळा झाला, टायफून येऊन गेलं, तरी सकाळी नदीच्या बाजूने टक् टक् ऐकू यायचंच. गंमत एवढीच, की त्या ज्या बर्फासाठी हा सगळा सराव करत होत्या, त्या बर्फावर त्यांनी आजवर पाय ठेवलेला नव्हता.

त्याची हकिकत त्यांनी एकदा मंजिरीला सांगितली होती, पालक निवडताना. जपानला आल्या त्या हिवाळ्यात कामासाठी नागानोला गेल्या होत्या. गाडीच्या खिडकीतून दिसलं, की एक म्हातारी शेताच्या बर्फावरून अरुंद स्कीवर चालली आहे. पाठीवर पिशवी, पिशवीतून कांद्याची पात वर आलेली.

"उतारावरून सुसाट येतात ना टीव्हीवर, तशी नाही गं," ताई म्हणाल्या. "पळत नव्हती. चालतही नव्हती. नुसती जात होती. मला वाटलं, आपल्यालाही असं जाता आलं पाहिजे."

"मग गेला का नाहीत?"

"तयारी नको?" ताई म्हणाल्या, आणि पालकाची देठं बाजूला करायला लागल्या.

ही तयारी पाच वर्षं चालली. दर शरद ऋतूत त्या नागानोतल्या एका गावच्या स्पर्धेत नाव घालायच्या. सगळ्यांत लहान अंतराची, पाच किलोमीटरची, हौशी लोकांची स्पर्धा. आणि दर हिवाळ्यात बँकेचा एखादा टप्पा नेमका त्याच जोडसुट्टीला यायचा. मग ताई स्पर्धेच्या लोकांना नम्र माफीपत्र पाठवायच्या. ते लोकही जपानी; जे स्पर्धक येत नाहीत त्यांचं भेटवस्तूचं पाकीट ते घरपोच पाठवतात. त्यामुळे ताईंकडे त्या स्पर्धेचे चार टॉवेल जमले होते. एकावरही त्यांनी कधी हात पुसला नाही. एकदा मी घामाघूम होऊन त्यांच्याकडे गेलो (लिफ्ट बंद होती), तर त्यांनी त्यातलाच एक माझ्यासमोर धरला.

"अहो, हा नवा आहे," मी म्हटलं.

"वापर तू. तूही धावलेला नाहीस."

मंजिरी त्यांना सारखी म्हणायची, "ताई, स्पर्धा जाऊ दे. एखाद्या रविवारी शिंकानसेन पकडा, बर्फात उभ्या राहा, संध्याकाळी परत या."

"आणि रविवारी रिहर्सल कोण बघेल? हा?" माझ्याकडे हनुवटी करून ताई विचारायच्या. हिवाळ्यातला प्रत्येक मोकळा रविवार आमचा टप्प्याच्या रंगीत तालमीचा असायचा, आणि उरलेली रजा ताई डोंबिवलीला वडिलांकडे जायला ठेवायच्या. त्यावर मंजिरीही माझ्याकडे बघायची आणि विषय संपायचा. माझ्या घरात माझ्याविषयी एकमत चटकन होतं.

त्यांनी मलाही शिकवायचा प्रयत्न केला. माझ्या डॉक्टरांनी काहीतरी करा असं सांगितलं होतं, आणि मंजिरीने ते 'काहीतरी' वर जाऊन ताईंना सांगितलं. ताईंची शिकवण्याची पद्धत ऑफिसातलीच. पहिल्या दिवशी त्यांनी मला चाकं बांधून गवतावर उभं केलं आणि स्वतः निघून गेल्या. गवतावर चाक फिरत नाही. मी बांधाच्या कडेला, हेल्मेट घालून, दोन काठ्या धरून नुसता उभा. कुत्री फिरवायला आलेले लोक मला लवून सुप्रभात म्हणत होते. मीही लवत होतो, आणि लवताना पडत होतो. ताई फेरी मारून आल्यावर म्हणाल्या, "पडायला शिकलास ना? आता डांबर."

मी म्हटलं, "ताई, थांबायचं कसं?"

"गवतात जायचं."

"एवढंच?"

"एवढंच आहे. घाबरायचं असेल तर आत्ता घाबरून घे. उतारावर वेळ मिळत नाही."

मी आज्ञेप्रमाणे घाबरून घेतलं आणि निघालो. बांध सपाट आहे असा माझा समज होता. तो सायकलवाल्यांचा समज आहे. चाकांवर उभं राहिल्यावर कळतं की सपाट जमीन जगात नाही. मागून ताई ओरडत होत्या, "गवत! नितीन, गवत! डावीकडचं!" मी उजवीकडच्या गवतात गेलो. उजवीकडे उतार होता आणि उताराखाली म्हाताऱ्यांची बेसबॉलची मॅच चालू होती. मी बसल्या स्थितीत मैदानात दाखल झालो. खेळ थांबला. जवळचा खेळाडू टोपी काढून माझ्यापाशी आला, लागलं नाही ना असं विचारलं, आणि आपण मध्ये उभे होतो याबद्दल माझीच माफी मागितली. तिसऱ्या दिवसापासून मी पुन्हा चालायला जाऊ लागलो, तेही दुसऱ्या बांधाला.

बांधावरच्या माफ्यांवरून आठवलं. एका वसंतात बांधाच्या पायऱ्यांशी नगरपालिकेने पाटी लावली: सकाळच्या वेळी आवाजाबाबत आजूबाजूच्या रहिवाशांचा विचार करावा. कोणाचा आवाज, कसला आवाज, काही नाही. ज्याला उद्देशून आहे त्याला ते कळेल, अशी इथली समजूत. ताईंना कळलं. काठ्यांना खाली लोखंडी टोकं असतात, डांबरावर ती वाजतात. शनिवारी ताई मिठाईचा एक डबा छान कापडात बांधून बांधावर गेल्या. तिथे रोज सकाळी एक आजोबा रेडिओ लावतात आणि दहा-पंधरा म्हातारे त्यावर व्यायाम करतात. ताईंनी दोन्ही हातांनी डबा पुढे केला, कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला.

रेडिओवाले आजोबा एकदम गडबडले. त्यांनी सायकलच्या टोपलीतून एक डबा काढला. तोही कापडात बांधलेला. ती पाटी आपल्या रेडिओविषयी आहे असं त्यांना कळलं होतं, आणि टक् टक् करत जाणाऱ्या परदेशी बाईंनीच तक्रार केली असणार असा त्यांचा अंदाज होता. डब्यांची अदलाबदल झाली. दोन्ही डबे एकाच दुकानातले निघाले.

पुढे काही दिवस फार सौजन्याचे गेले. ताईंनी काठ्यांना रबरी टोपणं लावली, ती सटकली आणि त्या दोनदा आपटल्या. आजोबांनी रेडिओ इतका हळू केला की पुढच्या दोघांनाच ऐकू यायचा. मागची मंडळी आपापल्या आठवणीने हातवारे करायची. शेवटी एका सकाळी ताई त्यांच्यापाशी आल्या, गवतात शिरून थांबल्या, आणि म्हणाल्या, "आजोबा, आवाज वाढवा. मीही वाढवते." पाटी कोणासाठी होती ते आजतागायत कळलेलं नाही. मला वाटतं ती माझ्यासाठी असावी. मी पडलो तेव्हा बरंच ओरडलो होतो.

तर असा पाचवा हिवाळा आला. हा शेवटचा होता. मार्चअखेर ताईंचा करार संपत होता. डोंबिवलीला वडील एकटे, नव्वदीला टेकलेले. ताईंनी करार पुढे वाढवायचा नाही असं ठरवलं होतं. म्हणजे यंदा बर्फ नाही तर बर्फ नाहीच. त्यांनी नेहमीप्रमाणे नाव घातलं. आणि नेहमीप्रमाणे जानेवारीत वेळापत्रक आलं: बँकेचा अखेरचा टप्पा, फेब्रुवारीतली जोडसुट्टी. तोच रविवार.

मला वाटलं, आता पाचवा टॉवेल. मंजिरी तर रडकुंडीला आली. "तू काहीतरी कर ना," ती मला म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात ताईंना म्हटलं, "ताई, मी बसतो तुमच्या जागेवर."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मायेने बघितलं, हे मी मुद्दाम सांगतो. "नको रे," त्या म्हणाल्या, "बँक आहे ती."

सोमवारच्या बैठकीत आमचे साहेब, किताहारा-सान, संभाव्य अडचणींचा तक्ता पडद्यावर लावतात. एक रकाना अडचणीचा, शेजारचा उपायाचा. इथल्या ऑफिसात अडचण सांगायला कोणाची हरकत नसते, पण उपाय बरोबर आणावा लागतो. उपायाशिवाय अडचण मांडणं म्हणजे नारळाशिवाय देवळात जाण्यासारखं. त्या दिवशी तक्त्यात सगळ्यांत खाली एक नवी ओळ होती. अडचण: टप्प्याच्या दिवशी प्रमुख गैरहजर. कारण: स्की. उपाय: शेजारचा रकाना कोरा.

मी पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत होतो.

किताहारा-सान म्हणाले, "वसुधा-सान, उपायाचा रकाना रिकामा आहे."

"हो," ताई म्हणाल्या. "पाच वर्षं शोधला. सापडला नाही."

एवढंच. विनंती केली नाही, वडिलांचं सांगितलं नाही, शेवटचा हिवाळा आहे म्हणाल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून सरळ बसल्या होत्या. त्या खोलीत इतकी वर्षं प्रत्येक नववर्ष त्यांनी काढलं होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं; बोलून दाखवायची पद्धत मात्र नव्हती. किताहारा-साननी कीबोर्ड पुढे ओढला आणि कोऱ्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "देशपांडे-सान, तुम्हाला त्या दिवशी काय काम आहे?" मी छाती पुढे काढून म्हटलं, काही नाही. "छान," ते म्हणाले, "मग तुम्ही यांना गाडीने घेऊन जा." बँक माझ्यापासून सुरक्षित राहावी याची काळजी सगळेच घेत होते.

शनिवारी निघालो. मी, मंजिरी, ताई, भाड्याची गाडी. पोहोचेपर्यंत बर्फ इतका पडत होता की सरावाचा मार्ग बंद केला होता. म्हणजे ताईंचा आणि बर्फाचा पहिला संबंध रविवारी सकाळी, छातीवर नंबर लावून, सुरुवातीच्या रेषेवरच आला. तिथे भाड्याने घेतलेल्या खऱ्या स्की पायात चढवून त्या उभ्या होत्या. आजूबाजूला गावची मंडळी, शाळेतली पोरं, काही आजी. मंजिरीने विचारलं, "ताई, कसं वाटतंय?"

"मऊ आहे," ताई म्हणाल्या.

भोंगा झाला, सगळे निघाले, आणि ताईही निघाल्या. सपाटीवर छानच निघाल्या. आम्ही दोघं दोरीबाहेरून बर्फ तुडवत पहिल्या चढापाशी गेलो, कारण तिथूनच मार्ग झाडीत शिरत होता. चढावर ताईंनी जोर लावला आणि त्या मागे आल्या.

झालं असं, की चाकांच्या स्कीतलं एक चाक फक्त पुढेच फिरतं. ते मागे जातच नाही. बर्फाच्या स्कीला तळाशी माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असते, आणि पाय नेमक्या वेळी खाली दाबला तरच ती बर्फ धरते. नाहीतर मागे. ताईंना पाच वर्षं त्या चाकाने सांभाळून घेतलं होतं, आणि ते त्यांच्या पायांना कधी समजलंच नव्हतं. त्या पुन्हा चढल्या, पुन्हा शांतपणे मागे आल्या. जणू कोणी मागच्या मागे ओढतंय. बाजूने पोरं गेली, आज्या गेल्या. ताई प्रत्येकाची "सुमिमासेन" म्हणून माफी मागत बाजूला होत होत्या. शेवटी स्की आडव्या करून पायरी पायरीने वर गेल्या आणि झाडीत दिसेनाशा झाल्या.

"होईल ना रे त्यांचं?" मंजिरीने विचारलं. मी थर्मासचं झाकण उघडून परत लावलं.

बाकीचे सगळे येऊन, सूप पिऊन, घरी निघाले, तेव्हा ताई झाडीच्या दुसऱ्या टोकाला दिसल्या. आम्ही तिकडे धावलो. म्हणजे मंजिरी धावली. त्यांच्या मागून बर्फावर चालणाऱ्या मोटारसायकलवरून स्पर्धेचा एक मनुष्य आला. मोठा लालबुंद चेहरा, अत्यंत अवघडलेला. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला, वाकला. वेळ संपली आहे, मार्ग बंद झाला आहे, आपण मागे बसावं, असं त्याने तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. ताई धापा टाकत ऐकत होत्या. अंबाडा सुटला होता, भुवयांवर बर्फ होता.

"स्पर्धकांसाठी बंद झालाय?" त्यांनी विचारलं.

"हो. फार वाईट वाटतं, पण."

ताईंनी काठ्या बर्फात रोवल्या. छातीवरचा नंबर काढला, नीट घडी घातली, आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला. "मी माघार घेते. तुम्हाला फार त्रास दिला." तो सुटकेने वाकला, त्याने नंबर घेतला, सीटवरचा बर्फ झटकला. ताईंनी काठ्या उपसल्या. "हा मार्ग दुपारी सगळ्यांसाठी खुला असतो ना?"

"असतो," तो सावधपणे म्हणाला. "पण दुपार व्हायची आहे अजून."

"मी पोहोचेपर्यंत होईल," ताई म्हणाल्या, आणि निघाल्या.

तो आमच्याकडे बघत राहिला. मी त्याला सांगितलं, मी यांच्याच हाताखाली काम करतो. त्याला ते पटलं असावं, कारण त्याने मान हलवली, गाडी चालू केली आणि त्यांच्यामागून, त्यांच्याच चालीने जायला लागला. त्यांना एकटं सोडणं त्याच्या नियमात बसत नव्हतं, आणि अडवणंही आता बसत नव्हतं.

आम्ही शेवटच्या रेषेपाशी येऊन थांबलो. कमान उतरवून तिची घडी घालणं चालू होतं. मोकळ्या पांढऱ्या शेतातून ताई आल्या, मागे ती मोटारसायकल फटफटत. घडी घालणारे थांबले आणि बाजूला झाले. ताई रेषेवरून गेल्या नाहीत. नंबर परत केला होता. रेषा आता त्यांची नव्हती. त्या रेषेला बाहेरून वळसा घालून आमच्या शेजारून गेल्या. मंजिरीने टाळ्या वाजवल्या, "ताई, या, चहा आहे!" ताईंचं लक्ष खाली पायांकडे होतं. काहीतरी पुटपुटत होत्या. आमच्यापुढून सरळ निघून गेल्या आणि पुन्हा त्या पहिल्या चढाच्या दिशेने वळल्या.

मोटारसायकलवाला माझ्यापाशी थांबला. "आणखी एकदा?" त्याने विचारलं.

"तसंच दिसतंय," मी म्हटलं.

दूर चढाच्या पायथ्याशी ताई क्षणभर अडखळल्या. मग एक पाय पुढे गेला, खाली दाबला गेला आणि तिथेच राहिला. मग दुसरा. त्या मागे आल्या नाहीत. पळत नव्हत्या, चालतही नव्हत्या. त्या माणसाने हात पुढे करून गाडीची किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.